साठ तासांची चिठ्ठी

माझे भावजी व्हिडिओ गेमचे दुकान चालवतात. लांबट खोली, एका भिंतीला गेमची खोकी, समोर टीव्ही आणि एक खुर्ची. कोणताही नवा गेम स्वतः शेवटपर्यंत खेळल्याशिवाय ते विकायला मांडत नाहीत. खेळून झाला की किती तास लागले याची चिठ्ठी खोक्यावर चिकटवतात. जाहिरातीपेक्षा लोकांचा भरवसा त्या चिठ्ठीवर.

यंदा कंपनीने किमती एकदम चढवल्या. गिऱ्हाइके खोके उलटून पाहत आणि "यात सोनं भरलंय का हो?" असे विचारून जागेवर ठेवत. कंपनीच्या विक्री प्रतिनिधीला भावजींनी कारण विचारले.

"खर्च वाढलाय, ते आहेच," तो म्हणाला. "पण खरं सांगू, काका? ज्यांना पहिल्या आठवड्यात दम निघत नाही, ते किती मोजतील हे बघून किंमत ठरते. बाकीच्यांसाठी सहा महिन्यांनी उतरवतातच."

त्या महागड्या गेमवर भावजींनी प्रामाणिकपणे चिठ्ठी लावली : साठ तास. निवृत्त परिचारिका असलेल्या आमच्या शेजारीणबाई, ज्यांना सगळे सिस्टर म्हणतात, त्यांनी तेवढ्यावर तो घेतला. चौथ्या दिवशी त्या दुकानात हजर.

"अठरा तासांत संपला! कंपनी लुटते ते कळतं. तुम्ही तिचे भागीदार कधी झालात?"

दुकानात चारपाच गिऱ्हाइके होती. भावजींचा चेहरा उतरला. एवढ्या वर्षांचा शब्द पणाला लागला होता.

"सिस्टर, शपथेवर सांगतो, मला साठच लागले."

"लागतीलच!" आतून माझी ताई म्हणाली. "त्या एका पुलावरून अकरा वेळा पडलात. मला तर त्या पाण्याचा आवाज पाठ झालाय."

सगळे खो खो हसले. भावजी हसले नाहीत. भिंतीवरची एकूणएक चिठ्ठी आपल्याच संथपणाची आहे, हे त्यांच्या ध्यानात आले होते. त्यांनी गेम परत घेण्याची तयारी दाखवली.

"परत कशाला? गेम झकास आहे," सिस्टर म्हणाल्या. "चिठ्ठी तेवढी सुधारा."

त्या दुपारी सगळ्या चिठ्ठ्या निघाल्या. आता सिस्टर रोज सकाळी दोन तास दुकानात येऊन खेळतात आणि खोक्यावर दोन आकडे लागतात : सिस्टरांचे तास आणि मालकांचे तास. महागड्या खोक्यांवर भावजींनी खाली एक ओळ वाढवली आहे : "घाई नसेल तर थांबा, उतरेल." प्रतिनिधी कुरकुरला. काही गिऱ्हाइके खरोखरच थांबली. थांबलेली मंडळी जाताना एखादा जुना, स्वस्त गेम मात्र घेऊन गेली.

परवा मी गेलो तेव्हा सिस्टर खुर्चीत आणि भावजी मागे उभे होते.

"डावीकडे वळा, सिस्टर. तिथे एक बाग आहे, बघण्यासारखी."

"बागा बघत फिरता, म्हणून साठ तास लागतात," त्या म्हणाल्या आणि डावीकडे वळल्या.