रोलमधले उरलेले फोटो

समस्त फोटोग्राफर बंधूंना, त्यांच्या सासुरवाडीला आणि आळेफाट्यावरील जाणत्या जनतेला गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, महागडा डिजिटल कॅमेरा घ्यावा की घेऊ नये, या प्रश्नाचा निकाल आमच्या घरी कायमचा लागला आहे. सर्वांनी उभे राहून ऐकावे. बसलात तरी चालेल.

फाट्यावर माझा फोटो स्टुडिओ. नव्वद सालानंतरची ती रोलची वर्षं. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. निमगाव सावा गावचं एखादं लग्न उरकलं की शेवटच्या रोलमध्ये तीन-चार फोटो हमखास उरायचे. वरमाईला अल्बमची घाई, आणि रोल अर्धवट धुवायला टाकायचा म्हणजे पाप. मग मी घरी यायचो आणि उरलेले फोटो बायकोवर उडवून टाकायचो.

ती कांदे निवडत असायची, नाहीतर भाकरी थापत.

"आलं बगा, लोकांचं उरलंसुरलं घिऊन! नवरीला साडीत काढायचं आन् मला पिठात व्हय?"

"हास की जरा!"

"रोल संपवायचाय ना? मग काढा तसंच!"

खटॅक. ती कधीच हसली नाही. दर फोटोत तोंड उघडं, कारण शिव्या चालूच. लॅबमधून ते फोटो आले की मात्र गुपचूप उचलून बिस्किटाच्या डब्यात ठेवायची.

मग डिजिटल आला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीएवढ्या किमतीचा कॅमेरा मी घेतला, त्याला हार घातला, पेढे वाटले. आणि खरं सांगतो, धंद्याला तो परवडला. गिऱ्हाईक जागेवरच पडद्यावर तोंड बघायचं आणि खूश व्हायचं. मंचरपासून घोडेगावपर्यंत लोक मला बोलवायला लागले. एका लग्नात हजार फोटो काढायचो मी, जात्यात दाणे टाकावेत तसे.

एकदा रात्रीचं जेवण वाढताना बायकोनं विचारलं, "आता काय उरत न्हाई व्हय?"

"उरतंय कशाला? आता संपतच नाही!" मी मिशीला पीळ देत म्हणालो.

ती "बरं" म्हणाली आणि कालवण वाढलं.

पुढं दहा-बारा वर्षांनी काविळीचं निमित्त झालं आणि ती गेली.

दहाव्याला फोटो लागतो. भावकीतला एकजण म्हणाला, "तुज्या घरात काय तोटा, राव! चांगला मोठा करून आण." मी कॉम्प्युटर उघडला. हजारोंनी फोटो. दुसऱ्यांच्या नवऱ्या, रुसलेले मामा, भीमाशंकरला नवस फेडायला गेलेली कुटुंबं. आमची एकातही नाही. नातेवाइकांच्या लग्नात ती असायची, पण माझी बॅग धरून माझ्या पाठीमागं. म्हणजे कॅमेऱ्याच्याही पाठीमागं. मतदार ओळखपत्रावर एक होता. पण त्यात ती आहे की मी, हे निवडणूक अधिकाऱ्यालाच ठाऊक.

पहाटेपर्यंत शोधलं. मग बिस्किटाचा डबा काढला. त्यातला शेवटचा फोटो निवडला. हातात लाटणं, तोंड उघडं, कपाळावर काळीभोर बट. लाटणं कापून टाकलं, फोटो मोठा केला, चौकटीत बसवला. लोक म्हणाले, लई झ्याक आलाय. येणार नाही तर काय! रोलवर काढलेला होता.

सासूबाई उशिरा आल्या. नजर अधू झालेली, दोघींनी दंडाला धरून आणलं. हार बाजूला करून त्यांनी काचेवरून बोटं फिरवली, नाक टेकेल इतक्या जवळून बघितलं. मग त्या माझ्याकडं वळल्या आणि भर मांडवात ओरडल्या,

"जावाई, ही कोन? ही न्हाई वो माजी! माजीचं केस पिकल्यालं व्हतं!"