ऑर्लिनने न पारखता आणलेली काडतुसं

आमच्या मोंटानातल्या खोऱ्यात हिवाळ्याचं मांस कुणी दुकानातून आणलं, तर शेजारी विचारतात, बरं नाही का म्हणून. वरच्या ओढ्यालगतच्या चार घरांच्या रायफली एकाच मापाच्या, म्हणून काडतुसं एकानेच घाऊक आणायची. ते काम ऑर्लिन ट्वाइटचं, आणि त्याचा त्याला तोरा फार.

त्याची रीत मात्र चोख होती. आधी एकच खोकं आणायचं आणि शंभर पावलांवर कागद लावून पाच गोळ्या झाडायच्या. पाचही भोकं कॉफीच्या कपाखाली झाकली गेली, की खोक्यावरचा आकडा बघून त्याच घाण्यातली, म्हणजे एकाच वेळी बनलेली, सगळी खोकी उचलायची. कंपनी तीच, पण घाणा दुसरा, तर फुकट दिलं तरी नको. पूर्वी चारही घरं आपापला कागद फोडून बघत. हल्ली ऑर्लिनने मान डोलावली की झालं, उगाच काडतुसं कोण जाळतो!

यंदा ऑगस्टात गावातल्या दुकानी माल पडेल भावात लागला. ढिगाशी एक परका माणूस ढकलगाडी घेऊनच उभा. पारखायला एक खोकं न्यावं, तर परत येईतो ढीग गडप झाला असता. त्याने सगळाच उचलला.

वाटायला गेला तेव्हा शेजारच्या डोरीन स्काल्डने दारातच विचारलं, "कागदावर बघितलीस ना रे?"

"बघितल्याशिवाय आणतो का मी?" ऑर्लिन म्हणाला. किती सोपं गेलं ते तोंडातून.

स्वतः मात्र त्याने गेल्या वर्षीचं उरलेलं अर्धं खोकं आधी संपवायला काढलं. पहिल्याच आठवड्यात एका गोळीत एल्क जातीचा हरणाचा नर पाडला, चांगला घोड्याएवढा, आणि सगळ्यांची वाहवा घेतली.

डोरीन नवरा गेल्यापासून एकटीच वर डोंगरात शिकारीला जाते. तिनेही एल्क गाठला, नीट टेकून चाप ओढला, आणि जनावर लंगडत झाडीत शिरलं. दोन दिवस ती आणि ऑर्लिन बर्फातले रक्ताचे ठिपके धुंडाळत फिरले. मग नवा बर्फ पडला आणि ठिपकेही गेले. आमच्याकडे जखमी करून हरवलेलं जनावर आपलंच धरतात. कुणी विचारायला आलं नव्हतं, तरी डोरीनने चाकूने परवान्यावरची तारीख कापली. परवाना एकाच जनावराचा, म्हणजे यंदा तिची शिकार संपली.

"हात गेले माझे," ती म्हणाली. "रायफल भाचीला देऊन टाकते."

ऑर्लिन घरी आला आणि मनात पाल चुकचुकली म्हणून त्याने नवी पाच काडतुसं कागदावर झाडली. भोकं तव्याएवढ्या जागेत पसरली.

त्याने कागद घडी करून कोटात ठेवला, आणि बायकोच्या, आर्डिसच्या हाती डोरीनकडे मांस पाठवलं. डोरीनने उलट रानबेरीचा मुरंबा धाडला.

"खा की," आर्डिस म्हणाली. "तिने मुद्दाम तुझ्यासाठी दिलाय. म्हणाली, असा शेजारी मिळायला भाग्य लागतं."

ऑर्लिनने पाव खाली ठेवला, कोट चढवला आणि निघाला.

डोरीन स्वयंपाकघरात रायफलीला तेल लावत बसली होती. "ये. भाची उद्या न्यायला येतेय, म्हटलं पुसून द्यावी."

"डोरीन, तुझे हात गेले नाहीत."

"डॉक्टर कधीपासून झालास?"

त्याने कागद टेबलावर पसरला. तिने चष्मा लावला. "हे कुणी झाडलं? पिऊन?"

"मी. वाळूच्या पिशवीवर टेकवून. तुला दिली तीच काडतुसं."

"पण तू तर ऑगस्टात बघितली होतीस."

"नव्हती बघितली."

चुलीवरचं चिलीचं कालवण उतू गेलं. डोरीनने उठून ते चमच्याने ढवळलं आणि चमचा हातात धरूनच वळली.

"तुला कधी कळलं?"

"आपण शोधून परत आलो, त्याच दिवशी."

"म्हणजे मी भाचीला फोन केला तेव्हा तुला ठाऊक होतं. आणि मी मुरंबा पाठवला तेव्हाही."

"हो."

ऑर्लिनला वाटलं, हिने तो चमचा फेकून मारावा. तिने तो धुवून ठेवला. मग रायफल उचलून भिंतीवरच्या खुंट्यांवर परत अडकवली.

"ते जनावर माझ्याच नावावर राहील, चाप मी ओढला," ती म्हणाली. "पण उद्या वेंडेल वर चाललाय, पोरीच्या नवऱ्याला घेऊन. त्याला सांगितलंस? आणि चौथ्या घरी?"

"अजून नाही," ऑर्लिन म्हणाला.

"जा मग. आर्डिसला पाठवू नकोस."

वेंडेल म्हणजे चारातलं तिसरं घर, आणि खोऱ्यातलं सगळ्यात मोठं तोंड. त्याच्याकडे पत्ते रंगले होते. चौथ्या घरची माणसंही तिथेच बसलेली.

"या, काडतुसवाले!" वेंडेल आतूनच ओरडला. "सरका रे, ज्याची गोळी वाया जात नाही त्याला जागा द्या!"

सगळे हसले. ऑर्लिन बसला नाही. टोपी काढून छातीशी धरली आणि म्हणाला, "पत्ते खाली ठेवा जरा. मी तुमच्याशी खोटं बोललोय."

हसणं एकेकाचं थांबत गेलं. वेंडेलचं सगळ्यात शेवटी.