सहीआधीचे बारा प्रश्न

आईचं डोकं दुखायला लागलं तेव्हा ती हडपसरच्या मंडईत मेथीची जुडी उलटसुलट करून बघत होती. नंतर तिने सांगितलं की कुणीतरी मागून टाळक्यात वरवंटा घातला असं वाटलं, आणि वळून बघितलं तर मागे कुणीच नव्हतं. जुडी मात्र तिने घेतली. रिक्षाने घरी आली, उलटी केली आणि पडून राहिली.

आमच्या घरात डोकेदुखीचं निदान आधीच ठरलेलं असतं: पित्त. कुणाला काय झालं हे बघायचीसुद्धा गरज नाही. मी तिला मोरावळा दिला, आमसुलाचं सार दिलं आणि वर ऐकवलं की रिकाम्या पोटी दोन-दोन कप चहा घेतेस, दुसरं काय होणार. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनीही पित्ताच्याच गोळ्या लिहून दिल्या. त्यांच्यावर मी पुढे बरेच दिवस चिडून होते. पण त्यांनी तिला दोन मिनिटं बघितलं होतं, मी दोन दिवस. चिडायचंच तर ओळीने चिडावं, आणि त्या ओळीत माझा नंबर पहिला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिची उजवी पापणी खाली आली. ती गॅलरीत पेपर घेऊन बसली होती आणि एका बोटाने पापणी वर उचलून धरत होती.

"अशी धरली की अग्रलेख दोन दिसतात," ती म्हणाली. "एक सहन होत नाही, तिथे दोन."

मान वळवता येत नव्हती तरी हे बोलणं सुचत होतं. मी रिक्षा बोलावली. हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर काहीतरी लिहीत बसला होता. त्याने आईचा डोळा बघितला आणि उठून उभाच राहिला. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा घोटाळा माझा आहे. मी एका लहानशा गटात काम करते. रुग्णांचे हक्क हा आमचा विषय. आम्ही पत्रकं काढतो आणि बस डेपोसमोर, आयटी पार्कच्या फाटकांवर, हॉस्पिटलांच्या दारात उभं राहून वाटतो. त्यातलं सगळ्यात जास्त वेळा छापलेलं पत्रक मी लिहिलेलं: 'सही करण्याआधी हे बारा प्रश्न विचारा.' ते मी रागात लिहिलं होतं. जेवणाच्या डब्याच्या झाकणावर कागद ठेवून, चष्मा घरी विसरलेल्या माणसाकडून, त्याला न येणाऱ्या भाषेतल्या फॉर्मवर सही घेतलेली मी स्वतः बघितली आहे. तो राग अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये.

माझं प्रत्येक पत्रक छापायला जाण्याआधी आई तपासते. लोणी काळभोरच्या शाळेत तिने निवृत्त होईपर्यंत मराठी शिकवलं. लाल पेन अजून पर्समध्ये असतं. तिची तक्रार कायम एकच: "ओरडतेस फार. ओरडणाऱ्याचं कुणी ऐकत नाही गं, नुसतं वळून बघतात."

स्कॅन झाल्यावर मेंदूच्या सर्जन आल्या. पन्नाशीच्या बाई, चष्मा केसांवर सरकवलेला, आवाज हळू. त्यांनी माझ्याशी न बोलता आईशी बोलायला सुरुवात केली, हे मी मनात टिपून ठेवलं. मेंदूच्या तळाशी एका रक्तवाहिनीला फुगा आला होता, सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा. मंडईत तो थोडासा गळला होता. तोच फुगा डोळ्याच्या नसेवर दाबत होता, म्हणून पापणी खाली. पहिल्यांदा गळून थांबला हे नशीब. दुसऱ्यांदा फुटला तर बोलायला वेळ मिळेलच असं नाही, आणि दुसऱ्यांदा फुटण्याचा धोका या पहिल्या काही दिवसांतच सगळ्यात जास्त असतो. त्यातले दोन आम्ही मोरावळ्यात घालवले होते. तेव्हा आज दुपारीच ऑपरेशन करायचं, असं त्यांनी सांगितलं.

नर्सने संमतीपत्र पुढे केलं. आई म्हणाली, "माझी पर्स दे."

मला वाटलं चष्मा हवा असेल. तिने बसच्या पासाच्या प्लॅस्टिकमधून चार घड्या घातलेलं माझं पत्रक काढलं, एका डोळ्याने नीट बघत उलगडलं आणि शाळेतल्या आवाजात म्हणाली, "प्रश्न पहिला."

सर्जनबाई स्टूल ओढून बसल्या. त्यांनी एकही प्रश्न टाळला नाही. दुसरा इलाज काय, तर मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून फुग्यात तारेची गुंडाळी भरतात. मग ते का नाही, तर या फुग्याचं तोंड रुंद आहे, गुंडाळी आत टिकणार नाही. म्हणून कवटीचा तुकडा काढून, मेंदू जरा बाजूला करून फुग्याच्या मानेवर धातूची क्लिप लावायची.

"म्हणजे कपड्यांचा चिमटा," आई म्हणाली.

"तसाच. फक्त तो काढायचा नाही."

तुम्ही अशी ऑपरेशनं केली आहेत का, किती, त्यात काय चुकलं, हे माझ्या पत्रकातले प्रश्न. मी ते लिहिताना मनात असा डॉक्टर होता जो चिडेल. या बाईंनी सांगितलं की एक पेशंट ऑपरेशननंतर महिनाभर बोलला नव्हता आणि एक टेबलावरच गेली. तशी शक्यता इथेही आहे, असंही म्हणाल्या. आई मान हलवायला गेली, मान हलली नाही.

मग चौथा प्रश्न, दुसऱ्या मताचा, जो तिने मुद्दाम शेवटी ठेवला होता. त्याखाली छापलं होतं: 'दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय सही करू नका. जो घाई करतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. दुसरा डॉक्टर पहिल्याने सुचवलेला नसावा.'

सर्जनबाई म्हणाल्या की मत जरूर घ्या, त्या आत्ता दुसऱ्या हॉस्पिटलमधल्या सर्जनना फोटो पाठवतात, तासाभरात उत्तर येईल. पण तुम्हाला इथून हलवणार नाही. आई म्हणाली की ते त्यांनीच सुचवलेले झाले. मग बाहेरचा डॉक्टर आम्ही शोधायचा, आणि तो आज भेटेल याची खात्री नाही. तिने पत्रकाची घडी घातली. "मग उद्या बघू," ती म्हणाली.

सर्जनबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना माहीत नव्हतं की ते पत्रक कुणाचं आहे. मला माहीत होतं. एवढी वर्षं मी ज्याच्यासाठी डेपोसमोर उन्हात उभी राहिले ते हेच, की माणसाने असंच बसून, असंच विचारावं. माझ्या आईने ते अगदी बरोबर केलं होतं, आणि त्यामुळे ती मरण्याची शक्यता होती.

मी म्हणाले, "आई, चौथा प्रश्न चुकलाय."

"छापलाय."

"छापलाय तो चुकलाय. मी लिहिताना गुडघे, मोतीबिंदू, पित्ताशय एवढंच डोक्यात होतं. थांबता येत नाही असंही दुखणं असतं, याचा मी विचारच केला नव्हता. या घाई करतायत कारण घाई आहे. सही कर."

"तुझं पत्रक आहे हे?" सर्जनबाईंनी विचारलं.

मी हो म्हणाले. त्या एवढंच म्हणाल्या की बाकीचे अकरा चांगले आहेत.

आईने लाल पेन काढलं. नर्स म्हणाली, निळं लागतं. आईने निळं घेतलं, फॉर्म सगळा वाचला, दोन वाक्यांना तोंड वाकडं केलं आणि सही केली.

केस अर्धे काढून तिला आत नेलं. मी बाहेरच्या बाकावर बसले. वॉर्डातली आया माझ्याशेजारी टेकली. ती लोणीची, आईच्याच हाताखाली शिकलेली निघाली. "बाई लई कडक हायत," ती म्हणाली. "आता आत डॉक्टरलाच शिकवत असतील." मला हसू आलं आणि मग बराच वेळ काहीच आलं नाही. संध्याकाळी सर्जनबाई बाहेर आल्या, चष्मा तसाच केसांवर. क्लिप बसली होती. पण पुढचे दोन आठवडे सांभाळायचे होते, कारण रक्त सांडलेल्या मेंदूतल्या वाहिन्या नंतर आकसतात. दर चार तासांनी एक गोळी होती. आई त्या दिवसांत मला मधूनच दुसरी 'ब' मधली कुठलीतरी मुलगी समजून कविता म्हणायला लावायची.

ती नीट भानावर आली तेव्हा मंडईनंतरचं तिला काहीच आठवत नव्हतं. मेथीची जुडी होती, आणि नंतर थेट हा पलंग. पहिली चौकशी तिने केली ती अशी: "दुसरं मत कुणाचं घेतलं?"

"कुणाचंच नाही."

"मग मी सही कशी केली?"

"मी सांगितलं म्हणून. पत्रक चुकलंय असं मी म्हणाले."

"तू? माणसांसमोर?"

"सर्जनबाईंसमोर. नर्सही होती."

"आणि नेमकं तेवढंच मला आठवत नाही," ती म्हणाली. मग मला ते सगळं पुन्हा, पहिल्यापासून, तिच्या समाधानाइतकं सांगावं लागलं.

गटात मी पत्रक बदलायचं म्हणाले तेव्हा वाद झाला. आमच्यातले जुने कार्यकर्ते म्हणत होते की नवं छापू, पण आधीचं चुकलं असं लिहायचं नाही, समोरच्यांच्या हातात कोलीत कशाला. मी म्हणाले, आपण दुसऱ्यांकडून कबुली मागत फिरतो, मग आपली कुठे आहे. दोन बैठका गेल्या. शेवटी मान्य झालं.

मसुदा मी आईपुढे ठेवला. तीन महिने झाले होते. केस बोटभर वाढले होते, पापणी बरीचशी वर आली होती. चौथ्या प्रश्नाखाली आता लिहिलं होतं की आधीच्या पत्रकात आम्ही इथे चूक केली होती. वेळ असेल तर दुसरं मत घ्याच, पण घाई का, हे डॉक्टरला विचारा आणि कारण पटलं तर सही करा. त्याखाली ठळक अक्षरांत: डोक्यात एकदम घाव बसल्यासारखं दुखलं तर ते पित्त समजू नका, त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात जा!

"अजून दोन दिसतात?" मी विचारलं.

"एकच." तिचं लाल पेन ओळीवरून सरकत शेवटी येऊन थांबलं. मला वाटलं, आता काट मारणार. तिने टोपण लावलं.

"इथे ओरडलीस तरी चालेल," ती म्हणाली.