जाणाऱ्याला टोकू नये

आमच्याकडे घराबाहेर पडणाऱ्या माणसाला "कुठे चाललात?" असं विचारत नाहीत. त्याला टोकणं म्हणतात. टोकलं की काम बिघडतं, कधी माणूसच परत येत नाही. अगदीच राहवलं नाही तर "दूर का?" म्हणायचं आणि तो सांगेल तेवढं ऐकायचं. मी दारव्ह्याला शाळेत विज्ञान शिकवते. हे सगळं थोतांड आहे असं वर्गात सांगते आणि घरी मुकाट्यानं पाळते, कारण घरात सासूबाई आहेत.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी मी पाळलं नाही. मिस्टर गाडी काढत होते, मी पोळ्या लाटत होते. डबा भरायचा की नाही एवढंच मला कळायला हवं होतं, म्हणून मी आतूनच ओरडले, "अहो, कुठी चालले?" गाडीच्या आवाजात उत्तर ऐकू आलं नाही. यवतमाळ रोडवर एक ट्रक बंद पडून उभा होता. त्याच्यावर ते मागून आदळले आणि जागीच गेले.

तिसऱ्या दिवशी घर बायांनी भरलेलं असताना सासूबाई म्हणाल्या, "हिनं टोकलं व माय. जाता जाता टोकलं त्याले." एकदाच म्हणाल्या. नंतर त्यांनी कधी तो विषय काढला नाही, मला कधी उणं बोलल्या नाहीत, माझ्या ताटात आधी वाढलं. पण एकदा बोललेलं पुरतं. त्या दिवसापासून मी कोणालाही, अगदी उशिरा येणाऱ्या विद्यार्थ्यालाही, कुठे गेला होतास म्हणून विचारू शकले नाही.

गेल्या उन्हाळ्यात शाळेतल्या आम्ही तिघी बँकॉकला जाणार होतो. एकीच्या मुलाची परीक्षा निघाली, दुसरीच्या नवऱ्याचा पाय मुरगळला, आणि तिकीट माझं एकटीचं उरलं. मला वाटलं होतं सासूबाई नको म्हणतील. मला तर मनातून तेच हवं होतं. त्यांनी तळहातावर दही ठेवलं आणि दाराशी गप्प उभ्या राहिल्या. भाच्याची डोंगर चढायची सॅक पाठीवर घेऊन, चव्वेचाळीस वर्षांची मी, कासवासारखी निघाले.

आमच्या उन्हात माणूस वाळतो, तिथल्या उन्हात शिजतो. उतरले होते ती जागा म्हणजे बायकांची एक मोठी खोली, रेल्वेसारखे वरखाली पलंग, आणि सगळ्या माझ्या मुली शोभतील अशा वयाच्या पोरी. पहिल्या सकाळी गल्लीत आले तर समोर गाडीवर केळी भाजणारी एक बाई माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "पाय नाय?"

मी खाली पायांकडे बघितलं. दोन्ही होते.

संध्याकाळी तिनं परत तेच विचारलं. दुसऱ्या दिवशी फुलवाल्या म्हातारीनं विचारलं, मग झाडूवाल्यानं. शेवटी मी आमच्या जागेच्या काउंटरवरच्या मुलीला विचारलं. तिनं इंग्रजीत सांगितलं, त्याचा अर्थ 'कुठे चाललात'. काही नाही हो, आमचा नमस्कारच आहे तो. खरं उत्तर कोणालाच नको असतं, 'फिरायला' म्हटलं की झालं.

म्हणजे दोन दिवस हे सगळं शहर मला टोकत होतं. एक मन म्हणालं, अगं तू विज्ञान शिकवतेस. दुसरं मन म्हणालं, आज कालव्यातल्या बोटीत बसू नकोस. दुसऱ्या मनाचंच ऐकलं आणि दिवसभर त्या केळीवालीच्या गाडीपाशी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून राहिले. मैत्री झाली ती अशी, भीतीपोटी.

ती माझ्याच वयाची होती. आम्हाला एकमेकींचं काही कळत नव्हतं, म्हणून मधे फोन ठेवून बोलायचो. ती थाईत बोलायची, फोन मराठीत लिहून दाखवायचा, तेही असं मराठी की निबंधाच्या वहीत लाल शाई करावी. तिची आई आजारी होती, नदीपलीकडे राहायची. माझे मिस्टर नाहीत एवढंच मी सांगितलं. कसे गेले ते सांगितलं नाही. केळी सोलायला मी लागले तेव्हा आधी तिनं हात धरला, मग माझा वेग बघून सगळी फणीच माझ्यापुढे ठेवली. तीनचार दिवसांत गल्लीतले लोक मलाही केळी मागायला लागले. इतक्या वर्षांत मी असं नुसतं कोणाजवळ बसले नव्हते. मला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याचीही धास्ती वाटत होती.

एका दुपारी आभाळ भरून आलं होतं. तिला फोन आला, तिनं घाईघाईनं निखारे झाकले, गाडी शेजारणीच्या हवाली केली आणि भाड्याच्या मोटारसायकलवर मागे बसली. हेल्मेट घालताना माझ्याकडे बघून हसली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पाय नाय?"

तिला केवढा आनंद झाला. आपली भाषा हिला आली म्हणून तिनं टाळ्या वाजवल्या, नदीच्या बाजूला हात केला, आणि मोटारसायकल गर्दीत शिरली. मी तिथेच उभी. मग पाऊस कोसळला. संध्याकाळी शेजारणीनं गाडी ढकलत आत नेली, तरी ती आली नाही. सकाळी गाडी लागली नाही. काउंटरवरच्या मुलीला केळीवालीचा फोन लावायला सांगितला, तो बंद. मुलगी म्हणाली, येईल हो, आईकडे राहिली असेल. मी तिच्यावर चिडले. 'येईल' हा शब्द लोक किती स्वस्त करून वापरतात.

ती आली दुपारी, हातात डबा घेऊन, माहेराहून परत येतात तशी. आईला रात्री ताप होता आणि फोन भिजला होता, एवढीच गोष्ट. मी तिचं मनगट धरलं आणि चक्क वऱ्हाडीत भांडले, "कुठी होती व तू? सांगून जाता येत नाई?" आणि भर रस्त्यात रडले. तिनं मला स्टुलावर बसवलं, माझा फोन पुढे केला. मी पहिल्यांदा ते कोणाला तरी सांगितलं: मी नवऱ्याला कुठे चाललात म्हणून विचारलं आणि तो मेला.

तिनं दोनदा वाचलं. मग ती हळू बोलली आणि फोननं लिहिलं, "मी दिवसभर सर्व व्यक्तींना विचारते. तसे असते तर ही गल्ली रिक्त असती."

पटलं. न पटायला काय झालं? पण पटणं डोक्यात होतं आणि धास्ती मनात. ती तशीच घेऊन मी परत आले.

घरी सासूबाई सुपात तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. चहा झाल्यावर म्हणाल्या, "कसं हाये ते शहर?" मी बोटी सांगितल्या, देवळं सांगितली. मग, का कोण जाणे, तेही सांगितलं: "तिकडं सगळे एकमेकाले इचारतेत, कुठी चालले. रोज. नमस्कारासारखं."

त्यांचे हात थांबले.

"आन् माणसं घरी येतेत त्यायची?"

"येतेत, आई."

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "त्या दिवशी मीबी इचारलं होतं त्याले. तुह्या आंधी. मांगच्या दारात. कुठी चालला रे बाबू, म्हनलं."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा चहाचा रिकामा कप मी खाली आदळला.

"मंग माहं नाव काहून घेतलं?"

"मी त्याची माय हावो," त्या म्हणाल्या. "माह्यावर घेतलं असतं तं मी जगली नसती. तू शिकेल हायेस. मले वाटलं, तुले ते लागनार नाई."

"लागलं, आई," मी म्हणाले. चार वर्षांत त्यांच्याशी खरं बोललेलं ते माझं पहिलं वाक्य होतं.