चिठ्ठीत निघालेल्या बाया

एम.ए.च्या शेवटच्या वर्षी मला तीस बाया हव्या होत्या. मानसशास्त्राचा प्रबंध, विषय साठीपुढच्या बायकांची स्मरणशक्ती. मार्गदर्शक बाईंनी बजावलं होतं: नावं चिठ्ठ्या टाकून काढायची आणि जिची चिठ्ठी निघेल तिलाच घ्यायचं. यात गडबड झाली तर प्रबंध परत, म्हणजे माझं अख्खं वर्ष पाण्यात. मी रोह्याची, आत्या पेणकडे, धरमतरच्या खाडीकाठी दिलेली. म्हटलं, घरचंच गाव, दोन दिवसांत उरकेल. तेव्हा मला सगळंच दोन दिवसांत उरकेल असं वाटायचं.

देवळाच्या ओट्यावर चिठ्ठ्या काढल्या. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वर्गात बाया आल्या त्या ठेवणीतल्या साड्या नेसून, अबोली माळून. मी बारा शब्द वाचून दाखवायचे, पाच मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या आणि मग आठवतील तेवढे शब्द त्यांनी सांगायचे. पहिलीनं बारा सांगितले. दुसरीनं अकरा. तिसरीनं बारा सांगून वर माझाच एक उच्चार दुरुस्त केला. मी हवेत. खाडीच्या माशांत नक्की काहीतरी आहे, असा शोध मी मनातल्या मनात लावूनही टाकला. साठीच्या मानानं चेहरे तुकतुकीत दिसत होते, त्याचंही श्रेय मी माशांनाच दिलं. अकराव्या बाईला वय विचारलं, तर ती म्हणाली, "कोनाचं सांगू? माजं का सासूचं?"

रडकुंडीला येऊन मी आत्याचं घर गाठलं. ती भाकरी थापत होती. मी का रडतेय तेच तिला कळेना. "अगो, परीक्षा म्हनलीस ना तू? मग परीक्षेला काय ढ बाया पाठवायच्या? हुशार बघून पाठवल्या. गावाच्या अब्रूचा प्रश्न हाय." म्हणजे चिठ्ठी म्हातारीची निघायची, घरात विचार व्हायचा आणि सून नाहीतर नणंद, जी तल्लख असेल ती माझ्यापुढे बसायची.

मग मी घरोघर हिंडले. विसरत असल्या तरी चालेल, त्यांनाच पाठवा, असं सांगायचे आणि लोकांचे चेहरे पडायचे. "आमच्यात इसराळू कोन नाय," असं म्हणून एका घरानं तर चहासुद्धा विचारला नाही. तीन दिवस गेले. माझ्या वर्षाचं काही खरं नव्हतं.

शेवटी आत्यानंच पदर खोचला. परीक्षा हा शब्द तिनं गावातून काढून टाकला. चिठ्ठीचा मान हाय, असं सांगत ती दारोदार फिरली. मान म्हटल्यावर प्रश्नच मिटला. होळी पेटवायचा मान ज्याचा त्याचाच, तो काय शेजाऱ्याला देता येतो? दुसऱ्या दिवशी खऱ्या म्हाताऱ्या आल्या. शब्द मी अर्थातच बदलले होते; जुनी यादी एव्हाना पोरांनाही पाठ झाली होती. कुणी चार सांगितले, कुणी सहा. एकीनं दोन सांगून उरलेला वेळ मला जावयाच्या कंपनीतल्या शिफ्टची गाऱ्हाणी ऐकवली. मी त्या दोनांवर इतकी खूश झाले की तिला मिठी मारायची तेवढी राहिली.

तिसावी आजी सगळ्यांत थकलेली. सून तिला हाताला धरून घेऊन आली आणि दाराबाहेर थांबली. मी नवे शब्द वाचले, गप्पा मारल्या आणि म्हटलं, आजी, आता सांगा. आजीनं डोळे मिटले आणि जुनी यादी म्हणायला सुरुवात केली. नारळ, विळा, होडी, मीठ, अशी एका दमात बाराच्या बारा. दाराआड सुनेचे ओठ हलत होते. गेले तीन दिवस तिनं सासूकडून हे घटवून घेतलं होतं.

माझ्या नव्या यादीतला एकही शब्द त्यात नव्हता.

"बरोबर आलं का गो?" आजीनं विचारलं.

निकाल सांगायचा नसतो. "सगळं बरोबर, आजी," मी म्हटलं आणि तिच्यादेखत कागदावर शून्य लिहिलं. तिला वाचता येत नाही याचं मला बरं वाटलं, आणि लगेच त्याची लाजही वाटली. मग खिडकीशी जाऊन उभी राहिले. सुनेचा हात सोडून आजी वाटेत भेटेल त्याला थांबवत होती आणि बाराच्या बारा शब्द ऐकवत होती.