ह्यो-रेचा आवाज

अलिबागकडच्या आमच्या आगरी खारेपाटात हेमालीला लोक ‘कोरियनवाली’ म्हणतात. आधी कौतुकानं म्हणायचे. आता म्हणताना तोंडं कशी वाकडी होतात, ते मी रोज बघते. मी तिची चुलत वहिनी, प्रणाली. आमची घरं एकाच अंगणात.

हेमालीचे वडील बुधाजीकाका मिठागर सुटल्यावर डंपरच्या धंद्यात पडले. पोरीला मात्र नाटकाचं वेड. बारावीनंतर ती मुंबईला मालिकांच्या ऑडिशनला जाऊ लागली. काम मिळायचं ते भांडी घासणारीचं, नाहीतर मासळी विकणारीचं. “तुमच्याकडं बोलतात तसं बोल, लोक हसले पाहिजेत,” असं तिला सांगायचे. ती बोलायची, ते हसायचे. शेवटी एक जण म्हणाला, चेहरा चालणार नाही, पण आवाज चांगला आहे. अशी ती डबिंगला लागली.

तिथं तिला बांग ह्यो-रे भेटली. म्हणजे पडद्यावर. कोरियन मालिका मराठीत करून दाखवणारी एक कंपनी होती आणि त्यातल्या एका मालिकेच्या नायिकेला, म्हणजे ह्यो-रेला, हेमालीचा आवाज द्यायचं ठरलं. गावात त्या नटीचं नाव कळलं तेव्हा पोरं हसून लोळली. “ह्यो रे? ह्यो कोन रे?”

हेमालीनं त्या बाईबद्दल मिळेल ते वाचून काढलं. ह्यो-रेची आई एका बंदरावर कालवं विकायची. पोरगी राजधानीत गेली तेव्हा तिच्या बंदरी बोलण्याला सगळे हसले, म्हणून ती आरशासमोर बसून बोलणं बदलायला शिकली. कित्येक वर्षं नर्स, मैत्रीण, एकदा तर नुसतं प्रेत, असली कामं केली. मग फेरीबोटीवर तिकिटं फाडणाऱ्या बाईची भूमिका मिळाली आणि देशभर नाव झालं. पुढं सिनेमे, बक्षिसं. तीच मालिका मराठीत आली होती. कृष्णाबाई काकू, म्हणजे हेमालीची आई, सुकट निवडत बघायच्या आणि म्हणायच्या, “ही तं आपलीच पोर हाय.” ह्यो-रे रडण्याआधी श्वास कसा अडवते, हे हेमाली आम्हाला करून दाखवायची, आणि खरंच आमचे डोळे भरायचे.

मग ते झालं. ह्यो-रेला लग्नाविना झालेलं एक मूल होतं, ते तिनं जगापासून लपवून आईकडं वाढवलं होतं. कुणीतरी फोटो फोडला. चोरी नाही, मारामारी नाही, एक मूल! पण जाहिराती गेल्या, सिनेमा गेला आणि तिला कॅमेऱ्यांसमोर उभं करून माफी मागायला लावली. काळे कपडे, खाली मान. पोराला जन्म दिल्याबद्दल माफी.

त्याच आठवड्यात कंपनीच्या राहुलनं हेमालीला स्टुडिओत बोलावलं.

“माफीचा व्हिडिओ मराठीत करायचाय. रील टाकू. पण सरळ नको, तुझ्या आगरी टोनमध्ये कर. ‘माजं चुकलं वो दादा, प्वार झालं’ असं. छाती पिटून. लोक वेडे होतील.”

“ती रडतेय, राहुल.”

“अगं म्हणूनच तर!”

काचेपलीकडची पोरं आतापासूनच हसत होती. माइकसमोर पडद्यावर ह्यो-रेचा चेहरा मोठा करून लावलेला. ओठ थरथरत होते, आणि तोच अडवलेला श्वास. पण हा अभिनय नव्हता. हे सगळं हेमालीनं मला नंतर सांगितलं. ती हेडफोन काढून बाहेर गेली. परत आत गेलीच नाही. जिन्यात राहुल मागून ओरडला, “एवढं काय मनावर घ्यायचं? तुझी काय बहीण लागते का ती?”

कंपनीनं दुसरी पोरगी बसवली. रील निघालं आणि सगळीकडं पोचलं.

आमच्याकडं ते हेमालीच्या भावाच्या, अल्पेशच्या हळदीत पोचलं. मांडव भरलेला. कुणीतरी मोबाइल डीजेला जोडला आणि त्या बाईचं रडणं स्पीकरवर वाजलं, आमच्या भाषेत, आमच्या बायकांची नक्कल करून. आणि आमचीच माणसं हसून दुमडली! ज्या बायकांची टिंगल होती, त्यासुद्धा.

“हेमाली, भारी केलंस गो!”

“मी न्हाय ती,” हेमाली म्हणाली. “माझा आवाज न्हाय.”

“लाजते बघा कशी!”

काकूंनी पुढं होऊन वायर उपटली. “पोरीला पोर झालं तं माफी कसली मागायची? ज्याचं हाय तो बाप कुठं हाय?” थोड्या वेळानं गाणी सुरू झाली.

हेमालीनं ती कंपनी सोडली. दुसऱ्या कुणी बोलावलंही नाही. हातचं काम लाथाडलं म्हणून ‘कोरियनवाली’ म्हणताना लोकांची तोंडं वाकडी व्हायला लागली, ती तेव्हापासून. आता ती किहीमच्या एका कॉटेजवर बुकिंग सांभाळते. मागच्या वर्षी ह्यो-रेचा एक छोटा सिनेमा आला, बऱ्याच काळानं. राहुलचा फोन आला, “लोकांना तुझाच आवाज पाहिजे.” हेमाली म्हणाली, आधी ते रील काढ. तो म्हणाला, “अगं, अजून चालतंय ते.” तिनं फोन ठेवला.

सिनेमा तिनं आईला घरीच दाखवला. खाली मराठी अक्षरं होती, पण काकूंना वाचता येत नाही. म्हणून हेमाली शेजारी बसून ह्यो-रेचं एकेक वाक्य आगरीत बोलत गेली. सरळ, जसं आम्ही घरात बोलतो तसं. मी दारात उभी राहून ऐकलं. कुणाला हसू येण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

मध्येच शेजारची शाळकरी प्राप्ती आत डोकावली. “हेमालीताई, ते रीलमधलं रडायचं कर ना एकदा!”

हेमालीनं सिनेमा थांबवला. उठली, तिला दंडाला धरून अंगणापर्यंत नेलं आणि म्हणाली, “घरी जा. परत आलीस तर तुझ्या आईला घेऊन ये, कुणाच्या रडण्यात हसण्यासारखं काय असतं, ते तिलाच विचारते मी.” मग दार लावलं, आईजवळ येऊन बसली आणि राहिलेलं वाक्य पुरं केलं.