दिगूच्या भिंतीपलीकडचे लूम

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोन गावच्या नाक्यावर रिक्षाची वाट पाहत होतो. नारपोलीला त्याच्या घरी पोचलो, तर शेजारच्या कापड कारखान्याचे लूम चक्क बंद. "शेठने दिगूभाऊ के लिए बंद रखा है, सुतक फिटेपर्यंत," एक कामगार डोळे पुसत म्हणाला. मी मूळचा संशयी. म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. दिगूच्या कादंबऱ्यांमधला मालक म्हणजे आपणच, हे ओळखून ज्या शेठने वर्षानुवर्षं त्याला रामराम केला नाही, त्याला एकाएकी एवढा उमाळा?

दिगू आणि मी त्याच कारखान्यात एका शिफ्टला लूम चालवायचो. पुढे तो कामगारांवर कादंबऱ्या लिहायला लागला, नाव झालं, पण कारखान्याच्या भिंतीला टेकलेली खोली त्याने सोडली नाही. नवं प्रकरण झालं की आत यायचा आणि त्या खडखडाटात ओरडून वाचायचा. आम्हाला ऐकू न गेलेलं वाक्य सरळ खोडायचा. भला माणूस... पण महाखट. एका कादंबरीत मला कंजूष केलंन्, तेव्हा दिवाळीपर्यंत मी त्याच्याशी बोललो नव्हतो.

दहाव्याच्या आधी पुन्हा गेलो, तर त्याची बायको, सुलभावहिनी, भिंतीला कान लावून बसलेल्या. "भाऊजी, बंद कारखान्यात पाना कोण फिरवतंय?" मागच्या गल्लीत जाऊन पाहिलं. सुटे केलेले लूम टेम्पोत चढत होते, भंगारात जायला. शेठला तिथे गोदाम करायचं होतं, म्हणून कामगारांना शोकाच्या नावाखाली घरी बसवलं होतं. माझं डोकंच फिरलं. मी सगळ्या कामगारांना बोलावून आणलं. मागोमाग वहिनी आल्या. टेम्पोजवळ उभा असलेला शेठ, दिगूच्या मानासाठीच बंद ठेवलंय, हेच पुन्हा सांगायला लागला, तेव्हा त्यांनी त्याला थांबवलं.

"सुतक माझ्या घराला आहे. तुमच्या लूमला कसलं सुतक? आमच्या ह्यांच्या नावावर या कामगारांची रोजी बुडवू नका."

कामगार टेम्पोपुढे उभे राहिले. शेठने नाइलाजाने कुलूप काढलं. हे किती दिवस चालेल, देव जाणे. माझा काडीचा विश्वास नाही. येता-जाता ती गल्ली मी अजून बघतोच.

त्या दुपारी दिगूच्या खोलीत बसलो होतो. पलीकडे उरलेले लूम सुरू झाले, आणि इतके दिवस डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या वहिनींनी हंबरडा फोडला. त्या खडखडाटात दाराबाहेर कुणाला ऐकूही गेलं नसेल.